बाबांचा लॅपटॉप आणि नारंगी दिवा

फ्रीलान्सरचा लॅपटॉप कधी रविवारी दुपारी, निवांत वेळ बघून बंद पडत नाही. तो सोमवारीच बंद पडतो. तोही सकाळी साडेअकराला, जेव्हा संध्याकाळी सहाला बाराशे शब्द पाठवायचे असतात आणि त्यातले जेमतेम दीडशे लिहून झालेले असतात.

तर यंदाच्या जानेवारीत माझं नेमकं हेच झालं. स्क्रीन दोनदा फडफडली, पंख्याने एक लांब सुस्कारा सोडला नि खेळ खल्लास. नेरुळच्या रिपेअरवाल्याला फोनवर लक्षणं सांगितली. तो डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, 'मॅडम, बोर्ड गेलाय बहुतेक. आणून टाका. चार दिवस धरून चला.' चार दिवस! माझ्याकडे साडेसहा तास होते.

स्टोरी आमच्या उलव्याचीच होती. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली आणि त्याबरोबर इथली भाडीही. भाडेकरू, एजंट, घरमालक असे सगळ्यांशी बोलून झालं होतं. रेकॉर्डिंग फोनमध्ये, नोट्स वहीत. फक्त लिहायचं बाकी होतं. तुम्ही म्हणाल, फोनवर टाइप कर की. करून बघितलंय एकदा. बाराशे शब्द अंगठ्याने टाइप केल्यावर दुसऱ्या दिवशी चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागतो.

'माझा घे ना,' बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले.

'बाबा, त्यात नेट कुठे चालतं?'

'हो, तेही खरंच,' असं म्हणून ते गप्प बसले. आणि मग दोन मिनिटांनी उठून, स्टूल ओढून, कपाटावरून तो काढायला लागले. जुन्या उशीच्या अभ्य्रात गुंडाळलेला. आत बुटांच्या खोक्यात मिळतात तसल्या दोन सिलिकाच्या पुड्याही ठेवल्या होत्या, दमट हवा लागू नये म्हणून. उलवे खाडीकाठी आहे. इथे मीठसुद्धा पावसाळ्यात रडतं.

या लॅपटॉपची जन्मकथा थोडक्यात सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. २०१० च्या दिवाळीत मामा न्यू जर्सीहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून चॉकलेटं, मावशीसाठी परफ्यूम आणि बाबांसाठी हा लॅपटॉप निघाला. विंडोज ७, पंधरा इंची स्क्रीन, वजन असं की प्रवासात नेला तर हमाली वेगळी लावावी. मी तेव्हा सहावीत. नेरुळच्या आमच्या वन रूम किचनमध्ये ते धूड आलं आणि पुढचं वर्षभर पाहुण्यांना दाखवायच्या वस्तूंत त्याचा नंबर पहिला होता. बाबा न्हावा-शेवा बंदराशी संबंधित एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघायचे. कंटेनर नंबर, बिलं, ड्युटीचे आकडे... एक्सेल म्हणजे त्यांची दुसरी मातृभाषा. त्यामुळे हा लॅपटॉप घरात नुसता शोभेचा राहिला नाही. रेल्वेची रिझर्व्हेशनं, विजेची बिलं, माझ्या अकरावीच्या अॅडमिशनचा फॉर्म, सगळं याच्यावरच झालं.

२०१९ मध्ये आम्ही उलव्यात आलो. नेरुळहून खारकोपरपर्यंत लोकल नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली होती. बाबांनी रिटायरमेंटच्या पैशांचा हिशोब याच लॅपटॉपवर मांडून बघितला आणि खारकोपरपासून शेअर रिक्षाच्या अंतरावर टू बीएचके घेतला. तेव्हा इथे रात्री आठनंतर कुत्री आणि वॉचमन एवढेच जागे असायचे. मधूनच विमानतळासाठी डोंगर फोडायचे सुरुंग धडाडायचे नि खिडकीच्या काचा थरथरायच्या. आमची सोसायटी नवी होती. एक्सेल येणारा एकमेव माणूस म्हणून बाबांना एकमताने खजिनदार करण्यात आलं. दर रविवारी सकाळी नाष्टा झाला की ते लॅपटॉप उघडायचे, मेंटेनन्सचा हिशोब लावायचे आणि अठ्ठेचाळीस फ्लॅट्सना मेलवर पावत्या पाठवायचे. कुणी 'काका, व्हॉट्सअॅपवर टाका ना' म्हटलं तर म्हणायचे, 'पावती ही पावतीसारखी यायला पाहिजे.'

मग १२ जानेवारी २०२४ उजाडला. त्या एकाच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं आणि आमची लोकल पुढे उरणपर्यंत गेली. उलव्याला एकदम भाव आला. केबलवाल्यालाही आला. महिन्याभरात त्याने फायबर टाकून नवा कोरा राउटर भिंतीवर लावून दिला. वेग चौपट. माझा फोन, माझा लॅपटॉप, टीव्ही, सगळं पळायला लागलं. फक्त बाबांचा लॅपटॉप नेटला लागेना. राउटर बसवायला आलेल्या मुलाने तो हातात घेतला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला आणि निकाल दिला, 'काका, जुना झालाय. नवीन घ्या.'

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी कुठल्याशा झूम कॉलवर होते. खुणेनेच म्हटलं, नंतर बघते.

तर ते 'नंतर' दोन वर्षांनी, यंदाच्या जानेवारीतल्या सोमवारी बारा वाजता उजाडलं. तेही माझ्या गरजेपोटी. हे आत्ताच कबूल केलेलं बरं.

चार्जर लावला, बटण दाबलं. बॅटरी केव्हाच मेली होती, पण चार्जरवर तो गुरगुरत उठला. पाच मिनिटं घेतली, पण उठला. कोपऱ्यात वाय-फायच्या चिन्हावर लाल फुली. आता मी मास कम्युनिकेशनची पदवीधर. आमच्या काकांचा एक लाडका जोक आहे, 'कम्युनिकेशन शिकलीस ना? मग राउटर दुरुस्त कर!' दर गणपतीत ऐकते. त्या सोमवारी मात्र पहिल्यांदाच वाटलं, चार वर्षांत एक तास तरी कुणी हे शिकवायला हवं होतं.

सेटिंगमध्ये शिरले. 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर', मग 'चेंज अडॅप्टर सेटिंग्ज'. वायरलेसचं चिन्ह होतं, म्हणजे कार्ड जिवंत होतं. ते राखाडी असतं तर राइट क्लिक करून 'एनेबल' करायचं, एवढं मला माहीत होतं. पण ते राखाडी नव्हतं. ट्रबलशूटर चालवला. त्याने बराच विचार करून सांगितलं की वायरलेस क्षमता बंद आहे. अरे बाबा, ते मलाही दिसतंय! कुठे बंद आहे ते सांग ना.

'तो दिवा आधी निळा असायचा,' बाबा मागून म्हणाले.

'कुठला दिवा?'

'हा काय. पुढे.'

लॅपटॉपच्या पुढच्या कडेला, जिथे आपला तळहात टेकतो त्याच्या बरोबर खाली, मुगाच्या दाण्याएवढा एक नारंगी दिवा होता. आणि त्याच्या शेजारी काळ्या प्लास्टिकवर काळीच, डोळ्यांना न दिसणारी, नखाने सरकवायची पट्टी. मी नखाने ती उजवीकडे ढकलली. दिवा निळा झाला. लाल फुली गेली.

आजच्या लॅपटॉपमध्ये ही भानगड राहिलेली नाही, म्हणून आमच्या पिढीला हे सुचतच नाही. त्या काळच्या लॅपटॉपना वाय-फायचा खराखुरा स्विच असायचा. विमानात बंद करता यावा, बॅटरी वाचावी म्हणून. काहींना कडेला पट्टी, काहींना कीबोर्डच्या वर दिव्याचं बटण, काहींना 'एफएन' दाबून धरून वरच्या ओळीतली अँटेनाचं चित्र असलेली की दाबायची. हा स्विच बंद असेल तर विंडोजमध्ये डोकं आपटून काही होत नाही. बॅगेत घालताना-काढताना पट्टी सरकते आणि माणूस वर्षभर ड्रायव्हर शोधत बसतो. आमची पट्टी केव्हा सरकली असेल? बहुतेक त्या मुलाने लॅपटॉप पालथा केला तेव्हा, किंवा बाबांनी अभ्य्रात घालताना. ते आता कळायला मार्ग नाही.

मला वाटलं, झालं काम. कुठलं काय! यादीत सोळा वाय-फाय दिसले. वरच्या मजल्यावरचे जिमवाले, समोरच्या विंगमधली बॅचलर मंडळी, कुणीतरी 'पासवर्ड विचारू नये' असं नाव ठेवलेलं. आमचं सोडून अख्खा सेक्टर हजर. बरं, फोनचा हॉटस्पॉट चालू केला. तोही दिसेना! फोन लॅपटॉपला चिकटवून ठेवला तरी दिसेना. सव्वा वाजला होता आणि डोक्याला सॉलिड शॉट लागला होता.

मी आधी लिहायला बसले. कॉपी तयार झाली ती पाच वाजून दहा मिनिटांनी. आता ती पाठवायची कशी? एव्हाना सुचलं. चार्जिंगची केबल फोनमधून लॅपटॉपला जोडली आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं. म्हणजे नेट हवेतून न येता वायरीतून येतं, वाय-फायशी संबंधच नाही. विंडोजने काहीतरी इन्स्टॉल केलं, आणि कनेक्टेड! ही युक्ती लक्षात ठेवा बॉस, अडीअडचणीला याच्यासारखी दुसरी नाही.

मेल उघडायला गेले तर ब्राउझर म्हणतो, ही साइट सुरक्षित नाही. बातम्यांची साइट? सुरक्षित नाही. सर्च? तीही नाही. नेट होतं आणि एकही पान उघडत नव्हतं. साडेपाच. मी रडकुंडीला आलेली. आणि बाबा शांतपणे म्हणतात, 'अगं, ही तारीख काय दाखवतोय हा?'

उजव्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. लॅपटॉपच्या स्वतःच्या जन्माच्या आधीची!

याचं कारण अगदी साधं आहे. लॅपटॉप बंद असतानाही आतलं घड्याळ चालू राहावं म्हणून मदरबोर्डवर बटणाएवढा एक सेल असतो. घरच्या वजनकाट्यात असतो ना, तसाच, बहुतेकदा सीआर २०३२ नावाचा. हा मशीन इतकी वर्षं जुना, त्यात दोन वर्षं कपाटावर, सेल संपला. सेल संपला की घड्याळ मागे पळतं. आता सुरक्षित वेबसाइट म्हणजे काय, तर ती आपलं प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. २००९ सालात बसलेल्या लॅपटॉपला २०२५-२६ ची प्रमाणपत्रं खोटीच वाटणार. तो बिचारा बरोबरच वागत होता. तारीख सुधारली, वर्ष सुधारलं, पान रिफ्रेश केलं. इनबॉक्स उघडला. पाच वाजून बावन्न मिनिटांनी कॉपी गेली. संपादकांचं उत्तर आलं, 'ओके.' एवढ्या रामायणाला एक 'ओके'!

मी हुश्श करून केबल काढली. बाबा बाजूच्या खुर्चीवर बसलेले होते.

'म्हणजे चालू झालं?'

'हो, केबल लावून.'

'वाय-फायवर नाही ना.'

'नाही. ते बघू नंतर.'

ते 'बरं' म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. मी लॅपटॉप बंद करायला घेतला. माझी कॉपी डेस्कटॉपवर सेव्ह केली होती, ती पेनड्राइव्हवर घ्यावी म्हणून शोधायला लागले, तर शेजारी एक फोल्डर दिसलं, 'सोसायटी'. सहज उघडलं. महिन्यामहिन्याच्या फायली, २०१९ पासून, एकही महिना न चुकता. शेवटच्या फायलीच्या पुढे तारीख होती ४ फेब्रुवारी २०२४. मी फोनवर कॅलेंडर काढून बघितलं. रविवार. नवा राउटर बसला त्याच्या आदल्या आठवड्यातला.

त्याच महिन्याच्या शेवटी बाबांनी खजिनदारकी सोडली होती. सगळ्यांना सांगितलं, डोळ्यांना त्रास होतो. सेक्रेटरीकाका दोनदा घरी येऊन गेले, 'राहा हो अजून वर्षभर.' बाबा हसून नाही म्हणाले. आईने डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंटही घेतली होती. नंबर अर्ध्याने वाढला होता, बाकी काही नाही. मला वाटलं होतं, वयाप्रमाणे माणूस कमी करतो एकेक गोष्ट. त्यानंतर रिझर्व्हेशन मी करायचे. वीजबिल मी भरायचे. गेल्या वर्षी कुठलासा फॉर्म मी कॅफेतून फोनवर भरून दिला, तेव्हा बाबा म्हणाले होते, 'तुला उगाच त्रास.' मी 'त्रास कसला' म्हटलं आणि पुढच्या फोनला लागले.

चहा घेऊन ते आले तेव्हा मी विचारलं नाही. काय विचारणार? राउटर भिंतीवर होता, तिकडे बघितलं आणि म्हटलं, 'बाबा, त्या राउटरच्या खालचा स्टिकर वाचून दाखवा जरा.'

रात्री साडेआठपर्यंत आम्ही दोघं त्याच्यामागे होतो. त्यातला फंडा सांगते. वाय-फायचे रस्ते मुख्यतः दोन. एक २.४ गिगाहर्ट्झचा, जुना, गर्दीचा, पण भिंतींतून बऱ्यापैकी पार जाणारा. भारतात जानेवारी २००५ मध्ये तो परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला आणि मग घरोघरी राउटर आले. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा, वेगवान, पण आरसीसीच्या दोन भिंती मध्ये आल्या की दमणारा. बाबांच्या लॅपटॉपला फक्त पहिला रस्ता माहीत. माझा फोन हॉटस्पॉट देत होता दुसऱ्यावर. म्हणून फोन मांडीवर ठेवूनही दिसत नव्हता! फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'बँड' म्हणून एक पर्याय असतो, आयफोनमध्ये त्याला 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' म्हणतात. तो बदलला आणि सतरावं नाव यादीत उगवलं. मुळातच साडेसात सेकंदांचं काम.

पण घरचा राउटर तर दोन्ही रस्त्यांवर होता. मग तो का दिसू नये? शेजाऱ्यांचे जुनाट डबे दिसतात आणि आपला नवा दिसत नाही? फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरचं पान उघडलं, बाबांनी वाचलेला पासवर्ड घातला. २.४ च्या खाली लिहिलं होतं, चॅनेल १३.

इथे मामा आठवला. या २.४ च्या रस्त्याच्याही लेन असतात. आपल्याकडे १ ते १३ लेन वापरतात, अमेरिकेतली उपकरणं साधारणपणे ११ वरच थांबतात. बिल्डिंगमध्ये सगळे १, ६ आणि ११ वर गर्दी करून बसलेले असतात, म्हणून त्या मुलाने शहाणपणाने मोकळी १३ निवडली. त्याचं चुकलं नव्हतं. पण न्यू जर्सीत विकत घेतलेल्या लॅपटॉपच्या कार्डात अमेरिकेचेच नियम भरलेले. त्याच्या लेखी तेरावी लेन जगात अस्तित्वातच नाही. पंधरा वर्षं उलव्या-नेरुळात राहून हा गडी मनाने न्यू जर्सीतच होता! मी चॅनेल ६ केलं, सेव्ह केलं. राउटर मिनिटभर विझला, पुन्हा लागला. बाबा लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर चष्मा वर करून बसलेले.

'आलं,' ते म्हणाले. 'आलं बघ आपलं नाव.'

पासवर्ड टाकला. नाही लागला. पुन्हा टाकला. नाही. बाबांनी स्वतः एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकला. नाही.

आता मी राउटरचं सिक्युरिटीचं पान उघडलं. तिथे होतं डब्ल्यूपीए-३. हे कुलूप २०१८ मध्ये आलं. त्याआधीचं डब्ल्यूपीए-२ २००४ चं. विंडोज ७ ला नवं कुलूप उघडताच येत नाही, किल्ली बरोबर असली तरी. पण सहसा राउटरवाले दोन्ही चालतील असं ठेवतात. फक्त नवं कुणी ठेवलं?

'मीच सांगितलं होतं त्याला,' बाबा म्हणाले. 'म्हटलं, सगळ्यात कडक असेल ते लाव. ते सानपाड्याचं आठवत नाही तुला? तू लहान होतीस.'

सानपाड्याचं प्रकरण नवी मुंबईतल्या त्या पिढीला अजून आठवतं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी टीव्ही चॅनेल्सना धमकीचा ईमेल आला होता. पोलिसांनी माग काढला, तो येऊन थांबला सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे एक अमेरिकन राहायचा. एटीएसने त्याची कसून चौकशी केली, कॉम्प्युटर ताब्यात घेतले. पुढे निष्पन्न झालं की त्याचा वाय-फाय उघडा होता आणि तो वापरून दुसऱ्याच कुणीतरी मेल धाडला होता. त्याच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माटुंग्याचं एक कॉलेज आणि चेंबूरचं एक ऑफिस यांच्याही वाय-फायवरून असेच मेल गेले. २००९ मध्ये दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांचे वाय-फाय सुरक्षित करायला सांगितलं. आम्ही तेव्हा नेरुळला, सानपाड्यापासून दोन स्टेशनं अलीकडे. घरात वाय-फाय नव्हताच. पण बाबांच्या ऑफिसात महिनाभर दुसरा विषय नव्हता. पुढे घरी राउटर आल्यावर त्यांनी ठेवलेला पासवर्ड इतका लांब होता की पाहुणे नेट मागायचे बंद झाले.

म्हणजे घराला सर्वांत कडक कुलूप बाबांनीच लावून घेतलं आणि स्वतःच बाहेर राहिले. मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

'मग माझ्यामुळेच झालं म्हण की.'

'तुमच्यामुळे कसं? त्या मुलाने सांगायला नको? मी बघायला नको होतं?'

ते काही बोलले नाहीत. मी २.४ च्या रस्त्यासाठी डब्ल्यूपीए-२ ठेवलं, ५ वर नवंच राहू दिलं, दोन्हींना वेगवेगळी नावं दिली. पासवर्ड लांब आणि वेडावाकडा असेल तर जुनं कुलूपही घराला पुरेसं आहे, आणि बाबांचा पासवर्ड त्या परीक्षेत डिस्टिंक्शनने पास होईल. यावेळी त्यांनी तो मनातल्या मनात म्हणत टाकला. कनेक्टेड. तेही त्यांच्या बेडरूमच्या टेबलापाशी, जिथे ५ चा रस्ता तसाही पोहोचत नाही.

आता हे सगळं गोड गोड झालं असं नाही हं. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट्स मिळणं जानेवारी २०२० मध्येच बंद झालंय. क्रोमनेही २०२३ मध्ये त्याला सोडचिठ्ठी दिली. त्यामुळे यावर बँकेचं काही करायचं नाही, असं मी बाबांना बजावलं. रामबाण उपाय म्हणजे विंडोज काढून लिनक्स मिंटसारखं काहीतरी टाकायचं. जुन्या मशीनवर ते बरं चालतं आणि फुकट आहे. बाबांनी शंका काढली, 'त्यात एक्सेल चालेल?' एक्सेल नाही, पण तसंच दुसरं चालतं, फायली उघडतात, म्हटलं. 'तसंच म्हणजे किती तसंच?' हा वाद अजून मिटलेला नाही.

सेल मात्र दुसऱ्याच दिवशी आला. बाबा स्वतः जाऊन घड्याळाच्या दुकानातून घेऊन आले. तळाचे अकरा स्क्रू आम्ही वाटीत काढले, बाबांनी कागदावर कुठला कुठे त्याचा नकाशा काढला, आणि परत लावताना एक उरलाच. तारीख मात्र आता जागेवर राहते. झाकणावर त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली आहे, डॉक्युमेंटेशनवाल्या टपोऱ्या अक्षरात. 'वाय-फाय स्विच पुढच्या कडेला. दिवा निळा पाहिजे.'

खजिनदारकी दुसऱ्यांकडे आहे आणि ते चांगलं सांभाळतायत. पण परवाच्या रविवारी नाष्टा झाल्यावर बाबांनी त्यांना फोन लावला आणि या दोन वर्षांचे हिशोब मेलवर मागवले. 'काही नाही हो, नुसते बघतो.' दुपारी आई हळूच मला म्हणाली, बघतायत कसले, सप्टेंबरमध्ये पाणीपट्टी दोनदा धरलीय ती सापडलीय.

माझा लॅपटॉप चार दिवसांच्या बोलीवर गेला होता, अकराव्या दिवशी आला. मी तो टेबलावर ठेवून चार्जिंगला लावत होते, तर बाबा दारात उभे.

'तुझा आला ना?'

'हो, आत्ताच.'

'मग माझा दे.'